गोहन्याच्या तलावावरचा पहारा

नमस्कार श्रोतेहो.

जेवायला बसलं की लहान मूल भाताचं आळं करतं आणि त्यात आमटी वाढून घेतं. आळं भरतं, आमटी काठाला येते. मग एका ठिकाणी भात जरा कमी असतो, तिथून बारीक धार बाहेर पडते. ती धार दोन शितं घेऊन जाते. शितं गेली म्हणून धार रुंद होते, धार रुंद झाली म्हणून आणखी शितं जातात, आणि बघता बघता आमटी ताटभर होते. आज मला जे सांगायचं आहे त्यात ताटाच्या जागी दरी आहे आणि भाताच्या जागी डोंगर.

विषय आहे धरणं. माणसानं बांधलेली आणि निसर्गानं घातलेली. मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त मातीच्या धरणांवर. लोक मला विचारतात, साहेब, डोंगर कोसळून नदी अडते तेही धरणच ना? त्यात आणि तुमच्या धरणात फरक काय? तिथेही माती, इथेही माती. तिथेही दगड, इथेही दगड.

आधी निसर्गाची धरणं कशी होतात ते सांगतो. डोंगराचा कडा कोसळतो आणि अरुंद दरीत नदीच्या वाटेत बसतो. कुठे हिमनदी पुढे सरकून दुसऱ्या नदीची वाट अडवते, कुठे लाव्हा वाहत येऊन थिजतो. बहुतेक वेळा मात्र दरडच. अशी धरणं लहान असतात असं समजू नका. ताजिकिस्तानात पामीरच्या डोंगरांत 1911 साली भूकंपानं एक आख्खा डोंगर मुर्गाब नदीत उतरला. त्या धरणाची उंची सुमारे 567 मीटर आहे. आपलं कोयना धरण 103 मीटर उंच आहे. म्हणजे एकावर एक पाच कोयना धरणं रचली तरी वर जागा उरते. त्याच्यामागे सारेझ नावाचा तलाव साठला आणि तो आजही आहे.

पण असं शंभर वर्षं टिकणारं एखादंच. दरडीनं झालेली बहुतेक धरणं वर्षाच्या आत फुटतात, कित्येक तर पहिल्या काही दिवसांत. का फुटतात? तर त्यांना सांडवा नसतो. हा शब्द लक्षात ठेवा, सांडवा. धरण भरल्यावर जादा पाणी सुरक्षित बाहेर काढून देणारी वाट. निसर्गाच्या धरणाला सांडवा नसतो. पाणी चढत चढत माथ्याला लागतं, सगळ्यात सखल जागा शोधतं आणि तिथून वाहायला लागतं. पुढे भाताच्या आळ्याचं होतं तेच.

आता आमचं धरण. मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. आधी नदीच्या पात्रात खाली खडक लागेपर्यंत चर खणतात, तो काळ्या मातीनं भरतात, म्हणजे भिंतीच्या खालून पाणी जाणार नाही. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम. माती थराथरानं टाकायची, वीतभरापेक्षा जाड थर नाही, त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. पाणी किती मारायचं? प्रयोगशाळा असतेच, पण जुना मुकादम चिमूटभर काळी माती तळहातावर घेऊन तिची वळी वळायचा, आपण शेवया वळतो तशी. वळी लगेच तुटली तर पाणी कमी. हाताला लगदा चिकटला तर पाणी जास्त. बारीक वळी झाली आणि मग तुटायला लागली, की तो मान हलवायचा आणि रोलर सुटायचा. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. आत वाळूचा गाळणीसारखा थर, पाझर आला तर नुसतं पाणी बाहेर यावं, माती येऊ नये म्हणून. आणि एका कडेला, पक्क्या खडकावर, सांडवा.

दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाचं थोडं वेगळं असतं, ते आपल्या वजनावर उभं राहतं. मातीच्या धरणावरून मात्र पाणी जाता कामा नये. पुन्हा सांगतो, मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाता कामा नये.

इथे एक गोष्ट बोलून घेतो, विषयाला जरा सोडून आहे. वनमहोत्सवात धरणाच्या भिंतीवर झाडं लावायला लोक येतात, फोटो काढतात, भाषणं होतात. कृपा करून हे करू नका. झाड गावात लावा, शाळेत लावा, धरणाच्या भिंतीवर नको. त्याची मुळं भिंतीत शिरतात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि तिथे पोकळ नळी राहते. पाण्याला तेवढी वाट पुरते. मी हे अनेक सभांत बोललो आहे, लोकांना वाईट वाटतं, पण मी बोलत राहणार.

असो. आता मी तुम्हाला ती गोष्ट सांगतो जी नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी प्रत्येक नव्या कनिष्ठ अभियंत्याला सांगत आलो. गोहन्याची गोष्ट.

तुमच्यापैकी जे बद्रीनाथला जाऊन आले आहेत ते या जागेवरून गेले आहेत. चमोली सोडलं आणि पिपलकोटीकडे निघालं की वाटेत बिरही नावाचं ठिकाण लागतं. तिथे एक नदी उजव्या हाताच्या दरीतून येऊन अलकनंदेला मिळते. ती बिरही गंगा. आपली यात्रेची बस तिथे थांबत नाही. दहा दिवसांत चार धाम करायचे असतात, गाडी कुठे थांबायची ती चहाला. मला हे पटत नाही, नदी बघायला वेळ नसेल तर तीर्थाला जायचं कशाला, पण ते राहू द्या. पुढच्या वेळी गेलात तर ड्रायव्हरला सांगा, पाच मिनिटं थांब म्हणून, आणि त्या दरीकडे बघा.

1893 सालचा सप्टेंबर महिना. त्या दरीत आत गोहना नावाचं गाव आहे. पावसानं डोंगर भिजलेला. एका बाजूचा आख्खा कडा सुटला आणि दरीत आला. एकदाच नाही, तीन दिवस कोसळत राहिला. इतकी धूळ उडाली की आसपासची जमीन आणि झाडांच्या फांद्या पांढऱ्या पडल्या. धूळ बसली तेव्हा बिरही गंगा बंद झालेली होती. नदीच्या वाटेत सुमारे 900 फूट उंचीचा बांध उभा होता. टिहरीचं धरण आज आपण देशातलं सर्वांत उंच धरण म्हणतो, ते 260 मीटर. हा बांध त्याच्याहून थोडा उंच, आणि तीन दिवसांत झालेला. त्याच्यामागे पाणी साठायला लागलं.

आता विचार करा. 1893 साल. खाली अलकनंदेच्या काठाला चमोली, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग, श्रीनगर. काश्मीरचं नव्हे, गढवालचं श्रीनगर, तिथल्या राजांची जुनी राजधानी. आणखी खाली ऋषिकेश, हरिद्वार. हरिद्वारला गंगेच्या कालव्याचं मुख, ज्याच्यावर मैदानातली लाखो एकर शेती. आणि वर डोंगरात पाणी चढतं आहे.

सरकारी अभियंते गेले. त्यात पुलफर्ड नावाचे लेफ्टनंट कर्नल होते. बांध बघितल्यावर पहिला प्रश्न असा, की तो पाण्याच्या दाबानं फुटेल की पाणी वरून गेल्यावर फुटेल? दाबानं फुटणार असेल तर कधीही फुटेल, उद्यासुद्धा. पुलफर्ड यांनी बांधाची जाडी बघितली. खाली पायाशी तो दोन मैलांच्या आसपास रुंद होता. त्यांनी निर्णय दिला, की हा दाबानं जाणार नाही. हा भरेपर्यंत उभा राहील, आणि पाणी माथ्यावरून गेलं की मग कापला जाईल. पुन्हा तेच, भाताचं आळं.

मग त्यांनी हिशेब मांडला. वरच्या डोंगरांचं पाणलोट क्षेत्र किती, पाऊस किती पडेल, बर्फ किती वितळेल, दरी वर वर रुंद होत जाते तर प्रत्येक फुटाला किती पाणी लागेल. हिशेबातून तारीख आली. पुढच्या वर्षी, 1894 च्या ऑगस्टच्या मध्याला तलाव काठोकाठ भरेल.

श्रोतेहो, मी या ठिकाणी नेहमी थांबतो. उपग्रह नाही, संगणक नाही, पावसाची धड नोंद नाही, आणि एक माणूस दहा-अकरा महिने आधी सांगतो की अमुक पंधरवड्यात हे पाणी वर येईल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचं ऐकलं गेलं.

काय काय केलं बघा. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारेची लाईन टाकली. दीडशे मैल, डोंगरातून. मधल्या गावांत तारघरं. बांधावर एक अधिकारी नेमला, लेफ्टनंट क्रुकशँक, काम एकच, पाणी किती चढलं ते बघायचं आणि खाली कळवायचं. म्हणजे धरण निसर्गाचं, पण त्याच्यावर चौकीदार माणसाचा. अलकनंदेवरचे झुलते पूल सोडवून काढून ठेवले, पुरात वाया जाऊ नयेत म्हणून. यात्रेची वाट बदलली. आणि खोऱ्यात ठिकठिकाणी उंचावर खुणेचे खांब उभारले. गावकऱ्यांना सांगितलं, तार आली की या खांबाच्या वर जायचं. गुरं, भांडी, म्हातारी माणसं, सगळं खांबाच्या वर.

हा खांब मला फार आवडतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही खांब कळतो. आज आपण लोकांना सांगतो, इतके हजार क्युसेक विसर्ग सोडला आहे, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं. क्युसेक म्हणजे काय हे नदीकाठच्या आजीला कोण सांगणार? तिला सांगा, पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येईल. तिला लगेच कळतं, ती उठून शेळ्या सोडते.

तर ऑगस्ट आला. तलाव चढत होता. मध्य ऑगस्ट उलटला. 25 ऑगस्टच्या सकाळी पाणी माथ्यावरून वाहू लागलं. हिशेब चुकला तो दहा दिवसांनी. तार खाली गेली. दिवसभर पाणी वाहत राहिलं, वाहता वाहता बांध खात राहिलं. दिवसा काही मोठं झालं नाही. खालच्या गावांत माणसं खांबांच्या वर जाऊन बसलेली. रात्र झाली.

मध्यरात्रीच्या सुमाराला मोठा आवाज झाला आणि बांधाचा वरचा भाग सुटला. एका रात्रीत तलाव सुमारे 390 फूट खाली उतरला. किती पाणी गेलं? त्यांच्या भाषेत एक हजार कोटी घनफूट. आपल्या भाषेत 10 टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे शाळेत शिकवायला हवं, आपल्या मुलांना रोज वर्तमानपत्रात हा शब्द दिसतो. आणि 10 टीएमसी म्हणजे केवढं? आजचं पानशेत धरण पूर्ण भरलं की त्यात साधारण साडेदहा टीएमसी पाणी असतं. म्हणजे जवळजवळ एक आख्खं पानशेत एका रात्रीत त्या चिंचोळ्या दरीतून खाली गेलं.

चमोलीला पाणी नेहमीच्या पातळीहून कितीतरी वर चढलं. श्रीनगर शहर धुऊन निघालं. बाजार गेला, जुन्या राजवाड्याचं जे उरलं होतं ते गेलं. पुढे शहर वरच्या जागेवर नव्यानं वसवावं लागलं. आज आपण बसमधून जे श्रीनगर बघतो ते हे नवं. हरिद्वारला पूर पोचला तेव्हा तिथे लोक तयार होते.

आणि माणसं किती गेली? पाच. एवढ्या पुरात पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांना धोक्याच्या जागेवरून हलवलेलं होतं, पण ते परत गेले.

ही गोष्ट मी सांगितली की नव्या पोरांपैकी कुणीतरी विचारायचं, साहेब, ते परत का गेले असतील? मला माहीत नाही. कुणाची जागा असते, कुणाचा धुनीचा विस्तव असतो. पुनर्वसनाचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. माझ्या धरणात बुडालेल्या गावाची एक म्हातारी दर उन्हाळ्यात, पाणी उतरलं की, गाळातून चालत जाऊन आपल्या जात्याच्या जागी हळदीकुंकू वाहून यायची. तिला आम्ही अडवायचो. नंतर नाही अडवलं, पण एक माणूस सोबत द्यायचो.

गोहन्याचा तलाव सगळा रिकामा झाला नाही. खालचा भाग तसाच राहिला, त्यावर पुढे होड्या फिरल्या. 1970 च्या जुलैत अलकनंदेच्या खोऱ्यात मोठा पूर आला, तेव्हा तो उरलेला तलावही फुटला. दगडमातीनं भरत आलेला होता. या खेपेला 1894 सारखी तयारी नव्हती.

आता उलट बाजू. 12 जुलै 1961. पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना तारखेपुढे काही सांगावं लागत नाही. पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडलं. भिंतीच्या पोटातून जाणारा पाणी सोडायचा जो मार्ग असतो, त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. तो खचला, त्याच्यावरची माती खचली, माथा खाली बसला आणि पाणी माथ्याला भिडलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण गेलं. त्याच्या पाण्यानं खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं, आणि पुढे पुणं.

माणसानं बांधलेलं धरण होतं. गाभा होता, पिचिंग होतं. पण पाण्याला बाहेर जायची भरवशाची वाट तयार नव्हती आणि पाणी आधी आलं. त्या रात्री ते धरण आणि गोहन्याचा बांध यांत फार फरक उरला नव्हता. गोहन्याच्या खालची माणसं मात्र खांबांच्या वर होती.

निसर्गात पहाऱ्याचं धरण अजिबात नसतं असं नाही हं. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात बीव्हर नावाचा प्राणी आहे, मोठ्या घुशीएवढा नव्हे, त्याहून बराच मोठा. तो दातांनी झाडं पाडून, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बांध घालतो. त्याचा बांध वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो तिथेच राहतो आणि रोज दुरुस्ती करतो. पाणी गळल्याचा आवाज आला की तिथे फांद्या नेऊन टाकतो. संशोधकांनी वाहत्या पाण्याचा नुसता आवाज स्पीकरवर लावून बघितला, तर त्यानं त्या स्पीकरवर फांद्या रचल्या. बीव्हर ओढा सोडून गेला की काही वर्षांत बांध वाहून जातो.

माझ्या धरणावर एक चौकीदार होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. धरणाच्या मागच्या पायथ्याशी पाझराचं पाणी गोळा करणारी चारी असते. तिच्या तोंडाशी इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेली पत्र्याची पाटी, खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते रोज वहीत लिहायचं. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. तात्या आकडा लिहायचे, आणि मग काचेचा ग्लास त्या धारेखाली धरायचे. भरला की पूर्वेकडे तोंड करून उजेडात धरायचे. पाणी स्वच्छ असेल तर धरण ठीक. पाणी गढूळ असेल तर त्याचा अर्थ, पाणी येताना आतली माती घेऊन येतंय, भिंतीच्या पोटात कुठेतरी नळी पडायला लागली आहे. ग्लास हे काही खात्याचं उपकरण नव्हतं, पण मी कधी ते थांबवलं नाही.

एका श्रावणात, सकाळी सहाच्या सुमाराला, तात्या सायकल घेऊन माझ्या क्वार्टरवर आले. हातात तो ग्लास, वर तळहात झाकलेला. म्हणाले, साहेब, बघा. तळाशी नखाएवढा गाळ बसला होता. पिवळसर. आम्ही दोघं तसेच गेलो. दुपारपर्यंत जागा सापडली, संध्याकाळपर्यंत वाळू, खडी आणि वर मोठे दगड असा उलट्या गाळणीचा थर त्या जागेवर टाकला. दरवाजे उघडून तलावाची पातळी खाली आणली. गावातली वीस-पंचवीस माणसं घमेली घेऊन आली होती, कुणी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

तात्या निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागेवर पुढे दीर्घकाळ कुणी नेमलं नाही. राज्यात लहान-मध्यम धरणं शेकड्यांनी आहेत, आणि चौकीदाराची जागा रिकामी असलेली मी स्वतः कितीतरी बघितली. चौकीदाराचा पगार धरणाच्या खर्चापुढे काहीच नाही. हे मी खात्यात असताना लिहून दिलं, आता आकाशवाणीवरून बोलतो आहे.

तुमच्या गावाच्या वर एखादं धरण असेल, पाझर तलाव असेल, तर या पावसाळ्यात एकदा पायथ्याशी जा. चारी कुठे आहे ते बघा. सांडव्यात झुडपं वाढली आहेत का, कुणी मासेमारीसाठी तिथे फळ्या लावल्या आहेत का, ते बघा. आणि जाताना घरातला एक काचेचा ग्लास बरोबर न्या.

नमस्कार.